मिसरची तयारी

निजामाच्या काळात बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मी मास्तर होतो. भूगोलाच्या उर्दू पुस्तकात मिसरच्या पिरॅमिडांचं चित्र होतं. ते एकदा हौसेनं बायकोला दाखवलं आणि पस्तावलो. कुणी बांधलं, किती जुनं, हे तिनं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "थंडीत जाऊ. रजा काढा." जणू वडवणीच्या बाजाराला निघायचं होतं!

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. कसचं काय! आमच्या गल्लीत समुद्र ओलांडलेली एकच बाई, हजला जाऊन आलेली शेजारची हाजन आपा. हिनं मधल्या भिंतीपाशी ठाण मांडलं. भिंतीपलीकडून आपा बोटीची हकिकत सांगायची आणि ही एकेक गोष्ट मनात पक्की करायची. बैलगाडीचा दुसरा मुक्काम कड्याला, नगरला आगगाडी, मुंबईला बोट. बोट लागली तर लिंबाचं लोणचं. सोबत येसराचं मसालेदार पीठ, म्हणजे नुसतं पाणी उकळलं की आमटी. उंटावर नऊवारीत कसं बसायचं, हे तर तिनं त्या भिंतीवर बसून गिरवलं. "धूप बहुत है बाई उधर," आपा म्हणाली, तेव्हा ही हसली. "आपा, बीडच्या मानसाला उनाचं भ्या घालू नका."

माझ्या बायकोचा मला जितका अभिमान वाटायचा तितकीच भीतीही. कारण रजेचा अर्ज मी अजून दिलाच नव्हता.

तेवढ्यात बातमी आमच्या गावी दिंद्रुडला पोचली. शेती पाहणारे माझे थोरले बंधू तडक आले. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आपल्या घरात कुनी समिंदर ओलांडला न्हाई. पंगतीतून उठवतील. कावून हे खूळ?"

दिरासमोर न बोलणारी माझी बायको दाराआडून मला म्हणाली, "थोरल्यांना सांगा, आल्यावर प्रायश्चित्त घेईन. पर आदी पाप तर होऊ द्या."

अडकित्ता थांबला. बंधूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय रे?"

जन्मभर मी त्यांना 'हो दादा' एवढंच म्हणत आलो होतो. त्या दिवशी मात्र म्हणालो, "दादा, आमी जाणार."

ते रागारागात गेले. मी रात्रभर जागा होतो आणि सकाळी अर्ज लिहायला बसलो. 'सबब' या रकान्यात सगळे मास्तर आजारपण लिहीत. मी आठ दिवस 'तीर्थयात्रा' असं लिहायचं घोकत होतो. पण तिच्या त्या बोलण्यानंतर खोटं लिहायची लाज वाटली. लिहिलं, 'बायकोला मिसर पाहायचं आहे.'

हेडमास्तरांनी अर्ज दोनदा वाचला. "बीवी को देखना है, तो आप कायकू जारे?"

मी म्हणालो, ती एकटीही जाऊन येईल, साहेब. मला मागं राहायचं नाही.

त्यांनी सही केली.