फोर्टातली डोण

मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत मला नोकरी लागली तेव्हा आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. "कळप न्यायच्या आदी रान बघावं लागतं," एवढंच बोलले. आता मी काय मेंढरू? पण वडिलांच्या होकाराशिवाय घरातून पाय निघणार नव्हता. मी शब्द गिळला आणि मांजरसुंब्याहून दोघांची मुंबईची तिकिटं काढली.

माझ्या कचेरीचा रस्ता म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि दलालांच्या पेढ्यांचा जुना रस्ता. इंग्रजांच्या काळातल्या दगडी इमारती, खांबांवर कोरलेले सिंह. मी हौसेनं एकेक दाखवत होते. आबा मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "लई उंच हाय." त्यात कौतुक अजिबात नव्हतं. टाय लावलेली माणसं त्यांच्या फेट्याला वळसा घालून पुढं पळत होती.

"कावून पळायलेत समदे?" आबांनी विचारलं. "मागं लांडगा लागलाय का?"

मी हसले आणि त्यांना पुढं घेऊन चालले.

कोपऱ्यावर एक जुनी पाणपोई होती. तिच्या पायाशी दगडी डोण, टांग्याची घोडी आणि गाड्यांचे बैल पाणी प्यायचे ती. मी घाईनं म्हणाले, "बघा आबा, इथंही जनावरांची सोय होती!" आबांनी आत हात घातला. डोण कोरडी ठणठणीत. चहाचे कागदी कप आणि सिगारेटची थोटकं तेवढी हाताला लागली. त्यांचा चेहराच उतरला. झालं, मुसळ केरात! एवढ्या मोठ्या रस्त्यात मी नेमकं हेच दाखवलं होतं.

आबा खाली बसले. सगळा कचरा उपसला, धोतराच्या सोग्यानं डोण पुसली आणि गावाहून आणलेली पाण्याची बाटली तिच्यात उपडी केली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तेवढ्यात एका गाडीखालून हाडकुळं कुत्रं आलं आणि लपालपा पाणी प्यायला लागलं. त्याचं पिऊन होईपर्यंत आबा जागचे हलले नाहीत.

मग रिकामी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

"रोज कामाला आलीस की हितं बाटलीभर वतत जा. इसरू नको, माय."

मी मान डोलावली. चार पावलं गेल्यावर त्यातलं 'रोज' ध्यानात आलं, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.