गहिनीनाथनं जगभर पोचवलेलं गाणं

संगमनेरच्या बसस्टँडमागे गहिनीनाथचा कॉम्प्युटर क्लास होता. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे हा नमुना मला रोज फुकट बघायला मिळायचा. पुण्याला जेमतेम तीन महिन्यांचा कोर्स केला आणि परत आला तो ‘सर’ होऊनच. क्लासमध्ये चपला बाहेर काढून जायचं, कारण म्हणे कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. स्वतः मात्र कीबोर्डासमोर बसून तंबाखू मळायचा. नव्याण्णव साली त्यानं इंटरनेट घेतलं आणि मग तर त्याचे पाय जमिनीला लागेनात.

यशोधरा त्याच्याकडे शिकायला यायची. तिची आई केशरबाई आदल्या वर्षी वारली. जयंतीला विहारासमोर केशरबाई स्वतः रचलेली गाणी म्हणायची, आणि काय खणखणीत आवाज होता बाईचा. त्यातलं एकच गाणं एका कॅसेटवर राहिलं होतं. यशोधराचा धाकटा भाऊ सम्राट मस्कतला वायरमन. त्याला अंत्यविधीला येता आलं नव्हतं. निदान आईचा आवाज तरी त्याच्या कानावर पडावा, एवढंच यशोधराच्या मनात होतं. कॅसेट पोस्टानं पाठवते म्हणाली, तर हा हसला. पोस्टात हरवली म्हणजे? त्यापेक्षा गाणं वेबपेजवर टाकू, जगात कुठंही वाजेल.

टेपला वायर लावून त्यानं गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं, पान बनवलं. जयंतीच्या दिवशी मॉनिटरला हार घातला, नारळ फोडला, एका पुढाऱ्याच्या हस्ते माऊसचं बटण दाबलं. गाणं वाजलं. यशोधराला रडू आवरेना. मग सरांचं भाषण. ते रेकॉर्ड करायला कोरी कॅसेट सापडेना, तर यानं केशरबाईचीच उचलली. गाणं पुसलं जाऊ नये म्हणून यशोधरानं कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता. या शहाण्यानं त्या भोकावर सेलोटेप चिकटवला आणि गाण्यावरच भाषण भरलं. तिला विचारलंसुद्धा नाही. गाणं आता जगभर गेलंय, कॅसेट हवी कशाला, असा त्याचा हिशेब. पुढच्याच आठवड्यात नवं विंडोज टाकायचं म्हणून कॉम्प्युटरची सगळी डिस्कही साफ केली.

मग सम्राटचा फोन आला. पान उघडतंय, आईचं नाव दिसतंय, गाणं काही वाजत नाही. सर म्हणाले, तिकडचे स्पीकर खराब असतील. दुसऱ्या सायबर कॅफेतही तेच झालं, तेव्हा म्हणाले, तिकडचं सरकार अडवत असेल. शेवटी सम्राटच्या ऑफिसातल्या कुणीतरी पान तपासलं. या गाढवानं नुसतं पान इंटरनेटवर चढवलं होतं, गाणं चढवलंच नव्हतं. पानात गाण्याचा पत्ता म्हणून याच्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवरची जागा दिली होती. त्या एका मशीनवर वाजलं म्हणजे जगात वाजलं, इतकी याची अक्कल.

यशोधरानं डिस्कवरचं गाणं मागितलं. ते गेलं होतं.

“टेक्निकल प्रॉब्लेम हाय हा, तुला न्हाई कळायचा,” तो म्हणाला. माफी नाही, काही नाही. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

कॅसेटवर भाषण भरलंय हेही कळल्यावर तिनं ती मागून घेतली आणि माझ्या दुकानात आली. भाषण संपल्यावर पुढं आईचं थोडं तरी उरलं असेल, म्हणून तिनं ती माझ्या टेपवर लावली. गहिनीनाथ विज्ञानाचं महत्त्व सांगत होता. ती टेपला कान लावून बसून राहिली. बाजू संपली, बटण खटकन वर आलं, तेव्हाही तो बोलतच होता.