शर्यतीच्या जनावराचा खुराक

जोतीरामतात्याला हळू चालताना शेळगावात कुणी बघितलेलं नाही. स्वतःच्या लग्नात हा गडी वऱ्हाड मागं टाकून तासभर आधीच मांडवात पोचला होता, आणि नवरीकडच्यांनी त्याला आचाऱ्याचा माणूस समजून पाण्याचे हंडे उचलायला लावले होते. बनाबाई अजून सांगते, "मी पयल्यांदा बघितलं तवा ह्येंच्या खांद्यावर हंडा हुता. म्हटलं, गडी कामाचा दिसतोय. नवरा हाय ते मागनं कळलं."

असा माणूस शर्यतीच्या बैलाच्या नादी लागला नसता तरच नवल. गोफण्या त्यानं घेतला तो दुसऱ्याच्या हातचा. बड्या मालकाच्या दावणीला वाढलेला, मैदानं मारलेला, आणि आता जरा उतरणीला लागला म्हणून स्वस्तात निघालेला. "मातीच्या मोलानं हिरा घावला!" म्हणत तात्या नाचत घरी आला. हिऱ्यापुढं कडबा टाकला, तर हिऱ्यानं तोंड फिरवलं, सोयरिकीत मान न मिळालेल्या व्याह्यासारखं. त्याला उडदाचा भरडा लागायचा, दूध लागायचं, अंडी लागायची. तात्याला तेव्हा एक गोष्ट कळली, ती अशी, की बैलाचा भाव उतरला होता, जीभ उतरली नव्हती.

गोफण्यानं तात्याला एक मैदान मारून दिलं. त्याच्या बक्षिसाची ढाल अजून देवघरात देवांच्या मागं उभी आहे. मग त्याचे पाय थकले, पळणं सुटलं. पण खुराक सुटला नाही. बनाबाईच्या चहाचा रंग वर्षानुवर्षं काळाच, आणि गोफण्याच्या बादलीत पांढरंशुभ्र दूध. ती बोलायला लागली की तात्या एकच म्हणायचा, "अगं, पळायची सवय असल्याला जीव हाय त्यो. त्याला साधं चालत न्हाय."

हे असं चाललं होतं तोवर टोपीचं प्रकरण झालं.

दोडक्याचे पैसे घेऊन तात्या मोटरसायकलवरून बारामतीहून येत होता. आपल्याला कुणी मागं टाकत नाही हा त्याचा आजवरचा अनुभव. एवढ्यात मागून वाघानं घसा खाकरावा तसा आवाज आला, आणि एक बुटकी लाल गाडी शेजारून अशी गेली की तात्याच्या डोक्यावरची टोपी उडून लांब उसात पडली. तात्यानं गाडी थांबवली, टोपी शोधली, सापडली नाही. बोडक्या डोक्यानं घरी आला तर बनाबाई दारातच घाबरली.

"आवं, कोण गेलं?"

"गाडी गेली," तात्या म्हणाला. "मला मागं टाकून गेली. बने, मला तसली गाडी पायजे."

पेरूनं यंदा हात दिला होता, आणि बनाबाईच्या गुडघ्यांना मोटरसायकल सोसेना झाली होती, तेव्हा गाडी घ्यायचं घरात ठरलेलंच होतं. पण बनाबाईच्या मनात होती चार माणसं आणि पेरूच्या दोन पाट्या बसतील अशी गाडी. तिनं रात्रभर विचार केला आणि सकाळी भाकरी थापता थापता निकाल दिला.

"घ्या तुमची पळणारी. पर शर्यतीची दोन जनावरं मी पोसायची न्हाय. या घरात एकच ऱ्हाईल. गाडी येनार आसंल तर गोफण्या जाईल."

तिचा चुलतभाऊ रणजित निमगाव केतकीला असायचा. त्याच्याकडं नवी खोंडं होती, आणि त्यांना पळायला शिकवायला जोडीला जाणता बैल हवा होता. तो किती दिवस गोफण्याला मागत होता. बनाबाईनं त्याला फोन लावला, "आयतवारी सांजच्याला पिकप घिऊन ये." तात्या गोठ्यात जाऊन गोफण्याच्या गळ्याखालची पोळी खाजवत उभा राहिला. गोफण्यानं त्याच्या खिशात अंडी आहेत का ते हुंगून बघितलं.

रविवारी सकाळी नवराबायको जळोचीला गेले. तिथं गावाच्या कडेला अविराजचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. अविराज गोड बोलणारा. माणूस दारात आला की चहा सांगून नातं जोडायचा. त्यानं दोन गाड्या पुढं केल्या. एक काळी, जर्मन. एक निळी, जपानी, दोनच दारांची.

"तात्या, ही काळी नवी हुती तवा तिच्या किमतीत बागायत यीत हुती. आता बघा, ट्रॅक्टरच्या भावात. तीनशे घोड्यांचा जोर हाय हिच्यात."

"तीनशे घोडी!" तात्याचे डोळे लकाकले.

"अन् बसायचं किती जणांनी?" बनाबाईनं विचारलं.

"चार, काकी. निळीत दोघंच म्हना. मागं बसाय येतं, पर पाय बाहेर ठेवावं लागत्याल."

बनाबाईनं काळीला बैलबाजारातल्यासारखी एक प्रदक्षिणा घातली. टायर दाबून बघितले. वय विचारलं, आधीचे मालक विचारले, मग मुद्द्याला आली. "खाती किती?"

"लिटरला सहा."

"सहाच लिटर? आमची म्हस बी याच्यापरीस जास्ती देती की."

"देत न्हाय काकी, खाती! एका लिटरात सहा किलोमीटर जाती. अन् साधं पेट्रोल न्हाय चालत. भारीतलं लागतं."

"आन् तेल?"

"ऑइल बदलायचं म्हंजे आठ-नऊ लिटर. खास येतं ते."

"नऊ लिटर! भजी तळती का काय?"

अविराज हसत सुटला. तात्याला हसू आलं नाही, तो चावीकडं बघत होता. "आधी चालवून तरी बघू," तो म्हणाला.

तात्या चाकावर, अविराज शेजारी, बनाबाई मागं. जळोची मागं पडली, इंदापूरचा रस्ता लागला, समोर मोकळा पट्टा दिसला आणि तात्यानं पाय दिला.

पाठ सीटला चिकटली. तो हिसका तात्याच्या ओळखीचा होता. गोफण्याला शर्यतीच्या छकडीला जुंपून पहिल्यांदा सोडला तेव्हा हाच बसला होता. त्याच्या तोंडातून नकळत "हुर्र!" निघालं. मागनं बनाबाई ओरडली, "आवं थांबा, माझ्या चपला!"

"काय झालं चपलांना?"

"दुकानात ऱ्हायल्या! गाडी चकचकीत दिसली म्हणून भाईर काढून बसले मी!"

तात्या थांबणारच होता, पण थांबायची पाळी आपोआप आली. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लागल्या. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी लावलेली, समोरून वाहनांची रांग, बाजूनं घुसायला बोटभर जागा नाही. तीनशे घोडे ट्रॅक्टरमागं पायी निघाले. बनाबाईनं काच खाली केली आणि ट्रॉलीतून लोंबणारा एक ऊस हिसकून घेतला.

"बरी हाय गाडी," ती दातानं ऊस सोलत म्हणाली. "बसल्या जागी ऊस मिळतो."

तात्याच्या समोर लिटरला किती जाते त्याचे आकडे लुकलुकत होते. सहाचे चार झाले, चाराचे दोन झाले.

"आरं अविराज, हळू चालवली तर जास्तीच खाती की ही!"

"पळायची सवय असल्याला जीव हाय, तात्या. हिला साधं चालत न्हाय."

मागं ऊस चावायचा आवाज थांबला. "हे मी घरात लई वर्सं ऐकतीया," बनाबाई म्हणाली.

परत आल्यावर तात्यानं शेवटची आशा म्हणून निळीची चौकशी केली. निळी कमी खायची, लिटरला नऊ-दहा जायची. पण तिचा एखादा भाग मोडला तर तो समुद्रापलीकडून येणार, आणि तोवर तिनं दारात उभं राहायचं.

"म्हंजे काळीला रोजचा खुराक," बनाबाईनं चपला पायात घालता घालता हिशेब केला, "अन् निळी आजारी पडली की वैद्य परमुलखातला."

"अन् टायर?" तात्यानं हळूच विचारलं. "जुन्या गाडीला जुन्या भावात मिळत्याल की."

"टायरला काय ठावं तात्या, गाडी जुनी हाय का नवी? नव्या गाडीचंच टायर, नव्याच भावात."

तात्या काळीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "भाव उतरलाय, जीभ उतरली न्हाय," आणि हात काढून घेतला. "बघून सांगतो, अविराज."

येताना मोटरसायकल इतकी हळू चालली होती की बनाबाईनं दोनदा पेट्रोल संपलं का म्हणून विचारलं.

घरी पोचले तर दारात पिकअप उभी आणि रणजित नवा कासरा हातात घेऊन गोठ्यापाशी. "या दाजी! झाली का गाडी? आक्का, ह्याला घिऊन जातो, दिवस हाय तवर."

तात्यानं बायकोकडं बघितलं. बनाबाई गुडघे चोळत ओट्यावर बसली होती. तेव्हा तात्यानं घसा साफ केला आणि अविराजसारखा गोड आवाज काढला.

"ने की बाबा, ने. खुराक तेवढा नीट समजून घे. सकाळी उडदाचा भरडा."

"देतू की."

"त्यात तूप. रात्री भिजवल्यालं बदाम. सोलून! साल लागली तर थुकतो."

तूप आणि बदाम गोफण्यानं जन्मात चाखले नव्हते. तात्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो थांबला नाही. "अंडी नऊ. गावरान. अन् दूध म्हशीचं, गायीचं त्याला पचत न्हाय."

रणजितच्या हातातला कासरा खाली आला. त्यानं बनाबाईकडं मान वळवली. "आक्का, खरं का हे?"

बनाबाईनं पदर खोचला.

"सगळं कुठं सांगितलं त्येंनी," ती म्हणाली. "सांजच्याला गुळाचा शिरा ऱ्हायला की. कोमट. अन् भरवाय समोर मानूस बसावं लागतं, एकटा खात न्हाय."

तात्याला हसू दाबायला गोठ्याच्या मेढीच्या खांबाकडं तोंड करावं लागलं. "साध्या कडब्याला तर शिवत बी न्हाय बघ," त्यानं मेढीलाच सांगितलं.

आणि त्याच घटकेला, सकाळपासून कुणी खुराक घातला नसल्यामुळं, गोफण्यानं मान लांब केली, म्हशीपुढचा कडबा तोंडभर ओढला आणि करकर चावायला लागला.

रणजित बघत राहिला.

"खात न्हाय त्यो," बनाबाई ओट्यावरून म्हणाली. "तोंड पुसतोय."

रणजितनं एकदा बैलाकडं बघितलं, एकदा बहिणीकडं, आणि कासरा गुंडाळून काखेत मारला. "बघून सांगतो, दाजी," तो म्हणाला.

रिकामी पिकअप वळणाआड गेली तसा तात्या ओट्याजवळ आला. "बने, मग गाडी?"

"चार मानसांची, पेरूच्या पाट्या बसत्याल अशी. उंच. चपला घालून चढाय यील अशी." बनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "अन् शिरा म्हनून बसले मी, आता गोफण्या माझ्याकडं बघाय लागलाय. गूळ कुठं ठिवलाय?"