साहेबांचं इंग्रजी

आधी चष्मा काढायचा, तो रुमालाने सावकाश पुसायचा आणि समोरचा माणूस पुरेसा अवघडला की म्हणायचं, "इन ड्यू कोर्स." आमच्या साहेबांची ही रीत. म्हणजे नेमकं कधी, ते साहेबांनाही ठाऊक नसे. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

मी तेव्हा म्हैसुरातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो. कुठल्या, ते राहू द्या. साहेब तिथले विभागप्रमुख. घरची भाषा कन्नड. पण कोणी गरीब अर्ज घेऊन आला की तोंडून इंग्रजीच बाहेर पडे. वरिष्ठांपुढे मात्र ते कुठल्याच भाषेत बोलत नसत, नुसती मान हलवत.

लष्कर मोहल्ल्यातला रस्ता रुंद करायचं ठरलं. कडेच्या ओट्यांवर नऊ शिंपी मशिनी मांडून बसत, बहुतेक आमचीच मराठी माणसं. 'स्वखुशीने जागा सोडतो' अशा कागदावर त्यांच्या सह्या हव्या होत्या. कागद अर्थात इंग्रजीत. दुसरी जागा देऊ, या अर्थाने मी 'विल' टाइप केलं होतं. साहेबांनी ते खोडून 'मे' लिहिलं. म्हणजे जमलं तर पाहू.

"विल लिहिलं की आपण अडकतो," ते म्हणाले. मला ती हुशारी वाटली, हे कबूल करतो.

सह्यांच्या दिवशी साहेब पाव तास बोलले. 'फीजिबिलिटी' झाली, 'इन प्रिन्सिपल' झालं. शिंपी देवळात बसल्यासारखे ऐकत होते. त्यांच्यातली एकटी बाई, आमच्या शेजारची तुळसाक्का, मध्येच म्हणाली, "नवी जागा यावाग, सार? कधी?"

"इन ड्यू कोर्स."

तिने माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "हा कुठला महिना रे?"

सगळे हसले. साहेब चष्मा पुसत राहिले.

ते चहाला उठल्यावर तिने कागद माझ्यापुढे धरला. "वाच की. सरळ सांग."

माझे शाळेचे शर्ट तिनेच शिवलेले. मी हळूच म्हटलं, "देतो असं नाही लिहिलेलं, अक्का. बघू म्हणतात."

तिने ते बाकीच्यांना सांगितलं. त्यांच्यातला सर्वांत म्हातारा म्हणाला, "अय्यो, एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल?"

मी मोठ्याने बोलायला हवं होतं. नोकरी नवी होती. मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

आठ जणांनी जागा सोडली. तुळसाक्काने सही केली नाही, वकील गाठला आणि दोन वर्षं भांडून मंडईमागे एक गाळा मिळवला. आठांपैकी एक बन्नूरला बहिणीकडे गेला, बाकीचे दुसऱ्यांच्या दुकानांत रोजावर बसले. त्यांचे अर्ज येत राहिले. 'आपला विषय सक्रिय विचाराधीन आहे', अशी इंग्रजी उत्तरं मीच टाइप केली. साहेबांना बढती मिळाली.

ते निवृत्त झाल्यावर एकदाच दिसले, हूटगळ्ळीला, नव्या घरासमोर. कंत्राटदाराने गटारासाठी दारात खड्डा खणून ठेवला होता आणि साहेब लुंगीवर उभे राहून त्याच्या माणसाला विचारत होते, "कुठल्या दिवशी बुजवणार? सोमवारी? किती वाजता? कोण येणार, त्याचं नाव सांग."

कन्नड इतकं स्वच्छ, की रस्त्यापलीकडूनही शब्द न् शब्द कळत होता. मी सायकलवरून उतरलो नाही.