न केलेल्या गुन्ह्यावर अर्धी सूट

आमचं गाव तेलगावपासून जवळ आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून डेअरीवर जातात आणि उन्हं चढायच्या आत परत येतात. मी अंबाजोगाईला शाळेत शिकवते. एका रविवारी माहेरी गेले, तर गाडी गोठ्यामागच्या शेडमध्ये ढकललेली आणि तिच्यावर ताडपत्री बांधलेली.

"आप्पा, गाडी कावून झाकली?"

"पोलीस हुडकीत येतील म्हून."

आधी मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. मोबाईलवर मेसेज आला होता. आप्पांना मराठी अक्षरं जुळवून वाचता येतात, इंग्रजी नाही. शेजारच्या एका शहाण्याने तो वाचून दाखवताना दंड, पोलीस, कोर्ट एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून आप्पा कॅन खांद्यावर घेऊन रानातल्या वाटेनं डेअरीवर जात होते. सडकेनं गेलं तर कुणी धरेल, अशी भीती.

मेसेजमधली लिंक मी उघडली. नो पार्किंगचं चलन होतं, आप्पांनी जन्मात न पाहिलेल्या एका मोठ्या शहरातलं. खाली फोटो होता. झगमगीत दुकानासमोर फुटपाथवर चढवलेली लालभडक मोटारसायकल. आप्पांची गाडी काळी, कॅनच्या कड्यांनी दोन्हीकडून खरवडलेली. फोटोतली नंबरपाटी खालून वाकलेली होती. शेवटचा आकडा आठ होता आणि चलन फाडणाऱ्याने तो तीन वाचला होता, म्हणून चलन आप्पांच्या नंबरावर आलं होतं. पाटी मोठी करून पाहिली की कुणालाही दिसलं असतं. पाहायचीच कुणाला होती?

"चूक त्यांची हाय," मी म्हणाले. "तुमी गाडी काढा."

"पर मेसेज तर माझ्याच मोबाईलवर आलाय न्हवं?"

मी वेबसाईटवर तक्रार टाकली. आप्पांच्या गाडीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो जोडले. आरसी बुकावर रंग काळा लिहिलाय, तेही जोडलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: फोटो स्पष्ट असल्याने तक्रार फेटाळण्यात येत आहे. फोटो स्पष्ट होता, हे खरंच होतं. लाल गाडी अगदी स्पष्ट दिसत होती. ते वाक्य वाचताना मला पहिल्यांदा शिसारी आली. समोरच्याने चूक केली याची एवढी नाही. आपण जोडलेलं न उघडताच त्याने उत्तर लिहिलं, याची.

मग रजा काढून जिल्ह्याच्या ठिकाणी वाहतूक पोलिसांच्या कचेरीत गेले. आप्पा सोबत होते. त्यांनी बाजाराला जाताना घालतात तसं धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती. टेबलामागच्या माणसाने माझ्या मोबाईलकडे ओझरतं पाहिलं आणि तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"हे आमचं न्हाई. ज्या शहराचं चलन, तिकडं जा."

"पण गाडी तर ही नाहीच. रंग बघा."

"ताई, रंग बदलता येतो." मग त्याला दया आली असावी. "भरून टाका की. जाण्या-येण्याचा तरास वाचंल."

आप्पा लगेच हात जोडून पुढे झाले. "भरतो साहेब, भरतो." मी त्यांचा हात धरून बाहेर आणलं. बाहेर कचेरीच्या भिंतीलगत नो पार्किंगच्या पाटीखालीच एक पांढरी गाडी उभी होती. काचा काळ्या, आणि नंबराचे आकडे असे वळवलेले की त्यातून 'दादा' वाचलं जावं. ती गाडी आमच्या ओळखीची होती. आमच्या भावकीतले एक काका तालुक्याच्या राजकारणात आहेत, त्यांची. काका चहाच्या टपरीवर उभे होते. आप्पांना पाहून ते हसत आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच व्हय! आधी सांगायचं ना. एक फोन लावतो."

"फोन नको काका," मी म्हणाले. "आपली चूकच नाही, तर फोन कशाला?"

काका माझ्याकडे न बघता आप्पांना म्हणाले, "पोरगी शिकलीय लई." आणि आपल्या गाडीत बसून निघून गेले. दारावरच्या पोलिसाने त्या गाडीला वाट करून देण्यासाठी रिक्षावाल्याला शिवी दिली.

पुढे लोकअदालतीची नोटीस आली. आप्पांचं जेवण तुटलं. अदालत म्हटल्यावर त्यांना पिंजरा आणि बेड्या दिसत होत्या. प्रत्यक्षात तिथं लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी होती. टेबलं मांडलेली, माणसं रांगेत, आणि सगळे खूश, कारण अर्धा दंड माफ होत होता. आमच्या पुढचा माणूस परत जाताना म्हणाला, "आज भरून घ्या आजोबा, सूट हाय."

आमचा नंबर आला. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता कागद सरकवला. "इथं सही. अर्धं माफ होईल."

आप्पांनी पेन उचललं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मॅडम, ही गाडी यांची नाही."

"तडजोड करायची असेल तर सही करा. वाद असेल तर तो इथं चालत नाही."

"तडजोड कशाची? यांनी काही केलंच नाही."

"म्हणून तर अर्धं घेतोय," बाजूला बसलेला एकजण म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ ताई, व्हा की बाजूला, आमाला बस धरायचीय."

ते हसू अजून माझ्या कानात आहे. न केलेल्या गुन्ह्यावर सूट देतात, आणि ती नाकारणारा माणूस सगळ्यांना वेडा वाटतो. मला तिथल्या तिथं थुंकावंसं वाटलं. आप्पा खाली मान घालून माझ्यामागे बाहेर आले. एस.टी.त ते एवढंच म्हणाले, "लोक हसत हुते गं."

मी मात्र सोडायचं नाही असं ठरवलं होतं. परत जिल्ह्याला गेले. या वेळी त्या टेबलावर एक महिला हवालदार होत्या. त्यांनी फोटो स्वतःच्या कॉम्प्युटरवर मोठा केला आणि आठ मोठ्याने वाचला. मग शेवटी आठ घालून तो नंबर टाकून पाहिला, तर लाल गाडी समोर आली. मालक त्याच शहरातला. "अर्ज लिहा. मी पुढं पाठवते," त्या म्हणाल्या. एवढंच. एवढ्याशा कामासाठी आप्पा महिनोन् महिने रानातून चालले होते. मी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. त्यांनी त्यावर शिक्का मारून पोच दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नंतर एका दिवशी वेबसाईटवर चलनापुढे 'रद्द' दिसलं. माफी नाही, खुलासा नाही. मला तरी आनंद झाला. पोच आणि तो स्क्रीनशॉट घेऊन मी रविवारी गावी गेले. ताडपत्री निघाली होती. आप्पा अंगणात गाडी पुसत होते.

"कळलं मला," ते म्हणाले. "मेसेज आलता, काकांनी वाचून दाखवला पारावर. त्येंनी फोन लावलता. मी सकाळीच जाऊन खव्याचं भांडं देऊन आलो."

 मग मी तशीच काकांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, आमचं भांडं आतल्या मोरीजवळ धुऊन पालथं घातलेलं.

"काका, फोन कुणाला केला होता?"

"आता ते कशाला काढतीस? काम झालं न्हवं?"

"काम अर्जानं झालं. ही पोच आहे."

त्यांनी पोच हातातही घेतली नाही. समोर बसलेल्या दोघांकडे बघून डोळे मिचकावले. त्या दोघांच्याही हातात मोबाईल होते, आणि एकाच्या स्क्रीनवर तसंच एक चलन उघडलेलं होतं. काकांनी फोन लावावा म्हणून ते आले होते.

मी घरी येऊन आप्पांना सगळं समजावलं. हवालदार बाईंनी आठ कसा ओळखला, अर्ज कुठं गेला, शिक्का कुठला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुझ्याच कागदानं झालं असंल, बाळा. मला काय कळत न्हाई का? तो कुणालाबी फोन लावीत न्हाई, म्हाईत हाय मला."

"मग खवा कावून दिला?"

"उद्या पुन्हा कायतरी आलं, अन् तू हितं न्हाईस. मंग मी कुणाच्या दारात जाऊ?"

 माझा राग काकांवर होता, त्या टेबलांवर होता, आणि त्या क्षणी थोडा आप्पांवरही होता. ते उठले, त्यांनी संध्याकाळच्या दुधाचे कॅन गाडीला अडकवले आणि किक मारली. ती पोच त्यांनी मात्र माझ्याकडून मागून घेतली, घडी करून टोपीत ठेवली आणि सडकेनं डेअरीकडे गेले.