प्रोफेसर लायनेल यांचा प्राणवर्धक अर्क

दीनानाथ उकिडवे यांच्याइतका निरुपद्रवी माणूस सिंगापूरच्या अख्ख्या क्वीन्सटाउनात शोधून सापडला नसता. वय सत्तावन्न, नोकरी बँकेच्या ऑडिटमध्ये, पंचवीस वर्षं एकाच फ्लॅटमध्ये संसार. आयुष्यभर त्यांनी जी वाक्यं लिहिली ती सगळी 'वरील बाबींच्या अधीन राहून' या जातीची. त्यांच्या एकाही वाक्याने कुणाचा श्वास कधी रोखला गेला नाही, आणि याची मनातून त्यांना फार खंत होती.

पण शनिवार उजाडला की या माणसाच्या अंगात यायचं. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर नुकतीच मोठी लायब्ररी झाली होती, आणि तिथे व्हिक्टोरिया राणीच्याच काळातली सिंगापूरची वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर बघायला मिळत. बातम्या गेल्या खड्ड्यात. दीनानाथ बघायचे ते फक्त औषधांच्या जाहिराती. एकाच गोळीने यकृत, टक्कल आणि उदास स्वभाव बरा करणारे डॉक्टर! कंबरेला बांधायचे विजेचे पट्टे! लंडनहून आलेले आणि 'फक्त तीन दिवस' हॉटेलात उतरलेले मज्जातंतूंचे स्पेशालिस्ट! आणि कुठल्याशा कर्नलची बायको, जी कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि दुसऱ्या बाटलीला घोड्यावर बसली! दुपारी जेवायला घरी आले की हातवारे करत ते सगळं बायकोला ऐकवायचे.

"ऐक मधू, ऐक! 'सकाळी उठल्यावर थकल्यासारखं वाटतं का?' अगं, कोणाला नाही वाटत? काय प्रश्न आहे! वाचणारा प्रत्येक जण म्हणणार, हा मलाच विचारतोय!"

"मला वाटतं थकल्यासारखं," मधुवंतीबाई म्हणायच्या. "तुम्ही ताटं उचललीत तर बरंही वाटेल."

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मराठी मंडळाचे हेमचंद्र रानडे घायकुतीला आले. स्मरणिका छापायला चाललेली, आणि एका जाहिरातदाराने ऐन वेळी अंग काढून घेतलेलं. एक अख्खं पान कोरं! "उकिडवे, काहीतरी द्या हो, आज रात्रीपर्यंत." दीनानाथांच्या मनात उकळ्या फुटल्या. पंचवीस वर्षं ऑडिट रिपोर्ट लिहिलेला हात सुटला तो सुटलाच.

'प्रोफेसर लायनेल यांचा जगद्विख्यात प्राणवर्धक अर्क! रात्री झोप येत नाही काय? दिवस सरता सरत नाही काय? घरात माणसं असून एकटं वाटतं काय? अन्नावरची वासना उडाली आहे काय? मग दोष तुमचा नव्हे, मज्जातंतूंचा आहे! अर्क सुरू करण्यापूर्वी बाकीची सर्व औषधे आठ दिवस बंद ठेवावीत. पुण्याहून कोणी येण्याची वाट पाहू नका. अर्क सिंगापुरातच मिळेल.'

खाली स्वतःच्या घरचा फोन नंबर. मित्र फोन करतील, पोट धरून हसतील, असा बेत. ही गंमत आहे अशी बारीक ओळ तळाशी टाकावी असं मधुवंतीबाईंनी सुचवलं, तर हे म्हणाले, "विनोद समजावून सांगायचा म्हणजे त्याचा खूनच की!"

रविवारी स्मरणिका घरोघर पोचली, आणि फोन आले. पण हसायला कोणी केला नाही!

सिंगापुरातल्या मराठी माणसाला ती पुण्याची ओळच भिडली. इथे चूर्ण, काढा, गुडघ्याचं तेल, काहीही हवं असलं की आधी 'पुण्याहून कोण येतंय का?' म्हणून दहा घरी फोन करायचे, मग त्या येणाऱ्याच्या बॅगेतली जागा मागायची, आणि तो उतरला की त्याच्याकडे जाऊन त्याचा चहा पिऊन बाटली आणायची. त्यापेक्षा इथल्या इथे मिळतंय म्हटल्यावर लोक तुटून पडले. पहिला फोन प्रबोध मुळ्ये यांचा. आयटीतला मोठा मॅनेजर, डोक्यावर सपाट मैदान. "अर्क टाळूला चोळला तर चालेल ना?" दीनानाथांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती, आणि अजून धावते! "माल जहाजावर आहे," ते गंभीर आवाजात म्हणाले, आणि फोन ठेवून सोफ्यावर लोळून हसले. पुढचे दोन दिवस घंटी वाजली की ते लहान मुलासारखे धावत. मधुवंतीबाई कपाळाला हात लावत, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. आवाज दबका, घाईचा. "प्रोफेसरसाहेब आहेत का? त्यांना सांगा, मी रविवारपासून सगळ्या गोळ्या बंद केल्यात. ब्लड प्रेशरची, हृदयाची, सगळ्या. घरात कोणाला बोलले नाही. चक्कर येतेय थोडी, पण जाहिरातीत लिहिलंय तसं करतेय. अर्क कधी येईल हो? अगंबाई, सून आली वाटतं." आणि फोन बंद.

दीनानाथ रिसीव्हर हातात धरून उभेच राहिले. नाव नाही, गाव नाही. त्यांचा फोन जुना, नंबर दाखवणारा नव्हे. हसू कुठल्या कुठे पळालं. हृदयाच्या गोळ्या! कुठल्या तरी घरात एक बाई त्यांच्या एका ओळीवर विश्वास टाकून बसली होती, आणि तिला काही झालं तर ते त्यांनी केलेलं असणार होतं.

"आता काय करू ग?"

"संध्याकाळी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला सगळं सिंगापूर जमेल," मधुवंतीबाई म्हणाल्या. "तिथे जा आणि सांगून टाका. लाज धरू नका."

आरती संपून प्रसादाची रांग लागली तेव्हा दीनानाथांनी हेमचंद्रांच्या हातातला माइक जवळजवळ हिसकावून घेतला. जन्मात कधी चार माणसांसमोर न बोललेला हा माणूस त्या हॉलमध्ये ओरडला, "ऐका हो! प्रोफेसर लायनेल नावाचा कोणी नाही! अर्कबिर्क काही नाही! ते सगळं मी रचलंय! ज्यांनी गोळ्या बंद केल्यात त्यांनी आत्ताच्या आत्ता डॉक्टरला विचारा!"

मग मागून आवाज आला, "म्हणजे स्टॉक संपला ना? सरळ सांगा की!"

"ओळखीच्यांना वाटून झाला असेल," आणखी कोणी म्हणालं.

प्रबोध मुळ्ये तर पुढे येऊन कानाशी कुजबुजले, "उकिडवे, माझी एक बाटली तेवढी बाजूला ठेवलीय ना?"

दीनानाथांना रडावं की हसावं कळेना. खोटं लिहिलं ते एका वाचनात पटलं, आणि खरं घसा फोडून सांगितलं तरी कोणी घ्यायला तयार नाही! ते पुन्हा ओरडणार, तोच एक तरुण बाई गर्दीतून वाट काढत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, मी मैत्रेयी. क्लेमेंटीला राहतो आम्ही. माझ्या सासूबाई तीन दिवस फोनपाशीच बसून आहेत. कोणाचा फोन यायचाय विचारलं तर सांगत नाहीत. आज इथे यायलाही नाही म्हणाल्या."

दीनानाथ तिच्याबरोबरच निघाले. टॅक्सीत मैत्रेयीने नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. नेहमीचा डोस आत्ताच द्या, डॉक्टर म्हणाले, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर तडक घेऊन या, नाहीतर सकाळी पहिल्या वेळेला आणा. टॅक्सी चांगली पळत होती, तरी दीनानाथ सारखे पुढे वाकत होते. बाई शुद्धीवर असू दे, देवा, एवढं एकच.

दार उघडलं सासूबाईंनी, संजीवनीबाईंनीच. नीट नेसलेली इरकल, हाताचा आधार भिंतीला, पाय सुजलेले. दीनानाथांच्या जिवात जीव आला. पाहुणा कोण हे कळताच बाई हरखल्या. "आणलात अर्क?"

"काकू, अर्क नाहीच. ते खोटं आहे. गंमत म्हणून मी लिहिलं. माफ करा मला. तुमच्या गोळ्या आधी घ्या."

बाई हसल्या, अगदी समजूत काढल्यासारख्या. "खोटं कसं असेल? 'रात्री झोप येत नाही काय? दिवस सरता सरत नाही काय? घरात माणसं असून एकटं वाटतं काय?' माझं सगळं लिहिलंय त्यात. हॉस्पिटलातले डॉक्टर चांगले आहेत हो, पण ते कागदावरचे आकडे बघतात. हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मग प्रोफेसरांना कळलं कसं?"

मैत्रेयीने मान खाली घातली. ज्या प्रश्नांवर दीनानाथ जेवणाच्या टेबलाशी खो खो हसले होते, ते या बाईने एकेक करून मनाशी धरून ठेवले होते.

त्यांनी घसा खाकरला. एकदाच, शेवटचं, ते प्रोफेसर झाले. "बाई, प्रोफेसरांचा निरोप आहे. दवाखान्याच्या गोळ्या पोटात असल्याशिवाय आमचा उपचार लागू पडत नाही. घ्या बघू."

मैत्रेयीने गोळ्या आणि पाणी पुढे केलं. संजीवनीबाईंनी आज्ञाधारकपणे एकेक गोळी गिळली, भांडं खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि मोठ्या आशेने वर बघितलं.

"आणि अर्क?"

दीनानाथांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. मैत्रेयीही शेजारी टेकली.

"सांगा काकू," ते म्हणाले, "झोप कधीपासून येत नाही?"

"बसा तर मग नीट," संजीवनीबाई म्हणाल्या. "वेळ आहे ना तुम्हाला?"