या, मग बसा

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका नियमाने वागणारा, आणि त्यापायी भल्याभल्यांना वैताग आणणारा माणूस अख्ख्या वसईत दुसरा झाला नसेल. ते दारात आले की आधी "या" म्हणायचं, मग "बसा". एकदा गडबडीत माझी बायको "बसा ना काका, या" म्हणाली, तर गृहस्थ उंबऱ्यावरूनच मागे फिरले. "क्रम चुकला, वहिनी. आता उद्या!" आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले.

कारण विचारलं तर म्हणाले, "माझी चिपही असंच करते." निवृत्तीनंतर काकांनी घरात त्या इवल्याशा काळ्या चिपांचा संसार मांडला होता. चिपच्या पोटात म्हणे कायमची स्मृती असते आणि तिच्यावर एक राखणदार. त्याला परवलीचे दोन आकडे ठरल्या क्रमाने द्यायचे. क्रम चुकला की तो दार लावून घेतो, चिप बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ढिम्म हलत नाही. शिवाय एक अक्षर बदलायचं तरी आधी अख्खं पान पुसावं लागतं. काका गप्पाही तशाच मारायचे. आगाशीच्या एका लग्नाची हकीकत ऐन रंगात आलेली असताना मी म्हटलं, "काका, मठ्ठा नव्हता हो, सोलकढी होती." झालं! काकांनी डोळे मिटले, सगळं पुसलं आणि थेट मुलगी बघायच्या कार्यक्रमापासून पुन्हा सुरुवात केली. मी कपाळावर हात मारून घेतला.

माणिकपुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या पंपाचं यंत्र त्यांनीच बनवलेलं. टँकर आला की ते पाणी गच्चीवर चढवायचं आणि टाकी भरली की आपोआप थांबायचं. फक्त अधूनमधून त्याचा लाल दिवा लागे आणि ते रुसून बसे. मग दुसऱ्या मजल्यावरच्या, मूळच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या मावशी जिन्यातून हाक मारायच्या, "काका, टाकी भरली, पन मशीन गप झाली!" काका इस्त्रीचा शर्ट घालून, जुना लॅपटॉप काखेत मारून हजर. वायर जोडून चिपला खणखणीत हुकूम सोडायचे, "कुलूप उघड. पान पूस. लिही. थांब जरा. आता वाचून दाखव. शाबास!" दिवा हिरवा होई. मग कुणीतरी चहाला बोलवायचं आणि काका दिवेलागणीपर्यंत त्या घरात रमायचे. मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी. चिडून म्हणायचो, "अहो, एकदाचं कायमचं दुरुस्त करा ना!"

"चिप आहे, सेक्रेटरी. तिलाही एकटीला कंटाळा येतो."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी बंगळूरला. शेवटी तिच्या हट्टापुढे काकांचं काही चालेना. निघायच्या आदल्या दिवशी ते न बोलावता पंपाच्या खोलीत आले. दिवा हिरवाच होता. तरी वायर जोडली, हुकूम सोडले. पण हळू आवाजात, आणि शेवटी शाबासकीही नाही.

"काय बिघडलं होतं, काका?"

"काही नाही. एक ओळ जास्तीची होती. तेवढ्यासाठी अख्खं पान पुसावं लागलं."

"कसली ओळ?"

"मला बोलवायची." काका वायर गुंडाळत राहिले. "टाकी भरल्यावरच बंद पाडायचो हं. कुणाला कोरडं नाही ठेवलं कधी."

मला रागावताही येईना. कसंबसं म्हटलं, "काका, वर या." आणि घरी पोचल्यावर, "बसा." त्या दिवशी मी त्यांना एकदाही टोकलं नाही.

त्यानंतर पंप कधी अडला नाही. सगळे खूश आहेत. मावशी मात्र अजून जाता-येता पंपाच्या खोलीत डोकावतात, हिरवा दिवा बघतात आणि चरफडतात, "मेली एकदा अडत पन नाय."